पायथनची छोटी लायब्ररी दुसऱ्याच्या मशीनवर चालेल अशी कशी बांधावी

माझी लायब्ररी फार काही करत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं आणि आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात शेत विचारलं की माणूस एकरातच सांगतो. ‘१.२१.५०’ हा काही दशांश अपूर्णांक नव्हे. एक हेक्टर, एकवीस आर, पन्नास चौरस मीटर. म्हणजे तीन एकर आणि वर चिमूटभर. हा हिशेब दोन्हीकडून करून देणारं शंभरेक ओळींचं पायथन, एवढंच. सेवा केंद्रावर बसणाऱ्या पोरांनी मागितलं म्हणून पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पायथनची पॅकेजेस उतरवतं त्या साइटवर, चढवलं. त्यानंतर आणखी चार लायब्रऱ्या चढवल्या, आणि आता आठवड्याला कोणीतरी फोन करतं : ‘भाऊ, माझ्याकडं चालते, दुसऱ्याकडं काहून चालत नाही?’

कोड लिहून झालाय, गिट येतं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट माहीत आहे, असं धरून पुढं सांगतो.

नाव

पॅकेजचं नाव रोमन अक्षरांतच लागतं. पायथनच्या आत फंक्शनला ‘एकर_काढा’ असं देवनागरी नाव देता येतं, पायपीआयवर पॅकेजला नाही. डॅश आणि अंडरस्कोअर तिथे एकच मानतात, कॅपिटल-स्मॉलचाही फरक धरत नाहीत. तेव्हा मधे एक डॅश घातला की नाव वेगळं झालं, या भ्रमात राहू नका. नाव मोकळं आहे का ते आधीच बघा.

फोल्डर आणि टॉमल

कोड ‘एसआरसी’ फोल्डरच्या आत, पॅकेजच्या नावाच्या फोल्डरात. बाहेर रीडमी, लायसन्स आणि पायप्रोजेक्ट डॉट टॉमल, म्हणजे पॅकेजचं नाव, आवृत्ती वगैरे लिहायची फाईल. सगळं सेटअप डॉट पायमध्ये कोंबायला सांगणारा लेख दिसला तर तो बंद करा. टॉमलचा रस्ता २०१६ मध्येच आखला गेलाय. डिपेंडन्सीपुढं, म्हणजे तुमच्या लायब्ररीला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजपुढं, दोन बरोबरची चिन्हं टाकून एकच आवृत्ती खिळवू नका. तुमची लायब्ररी दुसऱ्याच्या घरी पाहुणी जाणार, तिथे त्याच पॅकेजची वेगळी आवृत्ती आधीच नांदत असू शकते.

डेटाची फाईल : इथे बसा जरा

वर्धा जिल्ह्यात तालुके आठ, त्यातल्या तीन नावांचा घोळ. सेलू परभणीत पण आहे, आष्टी बीडमध्ये पण आहे, कारंजा वाशीममध्ये पण आहे. म्हणून लायब्ररीत तालुका-जिल्ह्यांची एक सीएसव्ही ठेवली आणि कोडमध्ये सरळ ‘डेटा’ फोल्डरचा पत्ता देऊन ती उघडली. माझ्याकडं झकास चाललं. पुण्यात नोकरीला असलेल्या मावसभावानं इन्स्टॉल केलं, तर ‘फाईल नॉट फाउंड’. मी छातीठोकपणे सांगितलं, तुझंच काहीतरी बिघडलंय. तीन दिवस बिचाऱ्याला पायथन काढून परत टाकायला लावलं. चूक माझी होती. आणि एक नव्हती, तीन होत्या, पोत्याखाली पोतं दबून राहावं तशा.

पहिली, पत्ता. ओपनला नुसता ‘डेटा’ पासूनचा पत्ता दिला की पायथन तो फोल्डर लायब्ररीत शोधत नाही, आज्ञा देणारा माणूस ज्या फोल्डरात उभा आहे तिथे शोधतं. मी कायम माझ्याच प्रोजेक्टच्या फोल्डरात उभा. भाऊ त्याच्या डेस्कटॉपवर. यावर कोणी सांगतं की पूर्ण पत्ता लिहून टाक. तो तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता, त्याच्याकडं काय कामाचा? इम्पोर्टलिबचं रिसोर्सेस मॉड्यूल आहे, त्यातलं ‘फाइल्स’ फंक्शन वापरा. त्याला पॅकेजचं नाव द्यायचं आणि फाईल मागायची, लायब्ररी कुठं बसली आहे ते तेच बघतं. पायथन ३.९ पासून ते आहे, म्हणजे टॉमलमध्येही कमीत कमी ३.९ लिहा.

ते केलं, आवृत्ती वाढवली, परत चढवलं. परत तीच एरर. आता तर मीच चिडलो. कारण दुसरी चूक : सीएसव्ही व्हीलमध्ये, म्हणजे पिप इन्स्टॉल करतं त्या तयार फाइलीत, गेलीच नव्हती. व्हील बांधणारं सेटअपटूल्स पायथनच्या फाइली आपोआप उचलतं, बाकीच्या तुम्ही सांगाल तेवढ्याच. टॉमलमध्ये ‘पॅकेज-डेटा’चा भाग लिहून सीएसव्ही घ्या असं स्पष्ट सांगावं लागतं. काही जण म्हणतील, ‘इन्क्लूड-पॅकेज-डेटा’ तर मुळातच चालू असतं. असतं, पण ते मॅनिफेस्ट फाईलमध्ये लिहिलेल्या किंवा गिटशी जोडणाऱ्या प्लगिननं दाखवलेल्या फाइलीच घेतं. दोन्ही नसेल तर चालू असून बंदच.

मी आता सेटअपटूल्सऐवजी हॅचलिंग वापरतो. पॅकेजच्या फोल्डरात जे असेल ते तो घेतो. पण त्याचीही एक खोड आहे, तो गिटइग्नोअर मानतो. गिटमध्ये कचरा नको म्हणून तुम्ही कधीकाळी ‘सगळ्या सीएसव्ही सोडा’ असं लिहून ठेवलं असेल, तर तुमची डेटाची सीएसव्हीही सुटेल, आणि बिल्ड एका शब्दानं बोलणार नाही.

तिसरी चूक सापडली ती सेवा केंद्रावरच्या विंडोज मशीनवर. फाईल मिळाली, पण ‘हिंगणघाट’च्या जागी कचरा. ओपनला एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजवर पायथन मशीनची जुनी कोडपेज, म्हणजे अक्षरं वाचायची जुनी पद्धत, धरतं. मी लिनक्सवर, तिथे यूटीएफ-८ असल्यानं मला कधी कळलंच नाही. मराठी मजकूर असेल तर प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहायचं. ‘माझ्याकडं तर दिसते’ हे मला सांगू नका.

आता तपासणी. ही गाळाल तर वरचं सगळं वाचलेलं वाया.

‘बिल्ड’ हे पॅकेज बांधणारं साधन चालवलं की ‘डिस्ट’ फोल्डरात दोन फाइली येतात, एक सोर्सची गठडी आणि एक व्हील. बिल्ड आधी सोर्सची गठडी बांधतं आणि तिच्यातून व्हील काढतं, त्यामुळं गठडीत जे नाही ते व्हीलमध्येही येत नाही. व्हील म्हणजे साधी झिप. झिप उघडणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामनं ती उघडा आणि डोळ्यांनी बघा की सीएसव्ही आत आहे.

मग नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरातून बाहेर या. खरंच बाहेर, दुसऱ्या ड्राइव्हवर गेलात तरी चालेल. तिथून ती व्हील फाईल पिपनं इन्स्टॉल करा आणि लायब्ररी चालवा. एडिटेबल इन्स्टॉल केलेलं असेल तर ती तपासणी धरू नका. त्यात पायथन तुमच्याच फोल्डरात डोकावतं, सीएसव्ही तिथे असतेच. आपल्याच धुऱ्यावर उभं राहून आपली विहीर भरलेली दिसते, त्यातला प्रकार. एसआरसी फोल्डर वर सांगितला तोही याचसाठी. कोड उघड्यावर ठेवला तर प्रोजेक्टमधून चालवताना इन्स्टॉल केलेली लायब्ररी बाजूला राहते आणि समोरचा कोडच चालतो.

चढवणं

पायपीआयवर खातं काढा. १ जानेवारी २०२४ पासून दुहेरी पडताळणी सगळ्यांना सक्तीची आहे. ती एसएमएसवर येत नाही, ऑथेंटिकेटर ॲपमधून येते, त्यामुळं टॉवरची रेंज गेली तरी फोनवर कोड दिसतो. फक्त फोनचं घड्याळ बरोबर ठेवा. घड्याळ मागं-पुढं झालं तर कोड नाकारतात. रिकव्हरी कोड वहीत लिहा, फोन विहिरीत पडतो.

पायपीआयच्या खात्यातून टोकन काढा, म्हणजे फाइली चढवण्यासाठीचा वेगळा पासवर्ड. फाइली चढवणाऱ्या ट्वाइननं युजरनेम विचारलं तर त्या जागी रोमन अक्षरांत ‘टोकन’ हा शब्द, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर. पासवर्डच्या जागी खरं टोकन चिकटवा; पडद्यावर काही उमटणार नाही, उमटायचंही नसतं. टोकन गिटमध्ये टाकू नका.

आधी टेस्ट पायपीआय या सरावाच्या साइटवर चढवून बघा. तिथलं खातं वेगळं, टोकन वेगळं. हे मी सुचवत नाही, बजावतो, कारण खऱ्या पायपीआयवर एकदा गेलेलं फाइलीचं नाव परत मिळत नाही. मी ०.१.० चढवली, चूक दिसली, डिलीट केली, दुरुस्त करून परत ०.१.० चढवायला गेलो. नाकारलं. डिलीट केलेली असली तरी त्या नावाची फाईल पुन्हा चढवता येत नाही. माझ्या पानावर ०.१.१, ०.१.२, ०.१.३ एकाच आठवड्यात दिसतात ते यामुळं. खराब आवृत्ती डिलीट न करता ‘यँक’ करा : नवीन इन्स्टॉल करणाऱ्याला ती दिली जात नाही, पण नेमकी तीच आवृत्ती मागणाऱ्याचं काम अडत नाही.

आणि दर वेळी बिल्डच्या आधी डिस्ट फोल्डर रिकामा करा, नाहीतर ट्वाइन मागच्या आवृत्त्याही सोबत ढकलायला जातं आणि अडकतं.

नेट नसेल तिथे

पावसाळ्यात आमच्याकडं नेट दिवसदिवस जातं. तेव्हा पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात. व्हील काही किलोबाइटची असते, नुसतं पायथन असेल तर एकच फाईल विंडोज-लिनक्स दोन्हीकडं चालते. पिपला पॅकेजच्या नावाऐवजी फाइलीचा पत्ता द्या, झालं. डिपेंडन्सी असतील तर नेट असताना ‘पिप डाउनलोड’नं त्याही त्याच फोल्डरात उतरवून ठेवा आणि इन्स्टॉल करताना ‘नो-इंडेक्स’ लावून ‘फाइंड-लिंक्स’ला तो फोल्डर दाखवा. पण डिपेंडन्सीत सी भाषेतला कोड असेल तर प्रत्येक मशीनची व्हील वेगळी लागते, आणि केंद्रावरचं विंडोज बत्तीस बिटी निघतं. सीएसव्ही वाचायला मी आधी पांडास हे तसलंच भलंमोठं पॅकेज घेतलं होतं. आठ तालुक्यांसाठी! ते काढलं. आता डिपेंडन्सी शून्य.