लायब्ररी जोडताय? या चुका टाळा

‘सर, ओपन सोर्स आहे ना, मग फुकटच की!’ प्रोग्रॅमला लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, जोडताना हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी वाद घालत नाही, लायसन्सची फाइल उघडून समोर धरतो. फुकट आहे, पण अटींसकट.

सगळ्यात महागात पडलेली चूक एफएफएमपेगची, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या लायब्ररीची. हे मुळात एलजीपीएल (जीपीएलपेक्षा सैल लायसन्स), त्यामुळे क्लोज्ड सोर्स, म्हणजे कोड गुप्त ठेवलेल्या, प्रॉडक्टमध्येही चालतं. पण कॉन्फिगर करताना, म्हणजे बिल्डआधी काय काय घ्यायचं ते ठरवताना, ‘एनेबल-जीपीएल’ दिलं की अख्खी लायब्ररी जीपीएल होते, म्हणजे ती जोडून वाटलेल्या प्रॉडक्टचा सोर्सही द्यावा लागतो. एक्स२६४ (व्हिडिओ एन्कोडर) हवं तर ते द्यावंच लागतं, कारण ते स्वतः जीपीएल आहे. वर ‘एनेबल-नॉनफ्री’ देऊन एफडीके-एएसी (एएसी ऑडिओचा एन्कोडर) घातलं, तर ती बायनरी, म्हणजे बिल्ड होऊन निघालेली फाइल, कुणाला देताच येत नाही. सोर्स दिला तरी नाही.

आमच्या टीममधल्या एका पोराने नेटवरून कॉन्फिगरची हातभर लांब ओळ उचलली. तिच्यात हे सगळं होतं. बिल्ड पहिल्याच फटक्यात झालं, व्हिडिओ झकास चालला, कुणी ती ओळ वाचली नाही. मीही नाही. चार महिन्यांनी ग्राहकाच्या लीगलवाल्यांनी लायसन्स विचारलं. मी छातीठोकपणे ‘एलजीपीएल’ लिहून मेल धाडली आणि मग सहज आमच्याच इन्स्टॉलरमधलं एफएफएमपेग ‘डॅश कॅपिटल एल’ (लायसन्स दाखवणारा पर्याय) देऊन चालवलं. स्क्रीनवर आलं: यात नॉनफ्री भाग आहेत, वाटप कायदेशीर नाही. शुक्रवार, संध्याकाळचे सहा.

शनिवार-रविवार एक्स२६४ काढून त्याच कामाचं, जीपीएल नसलेलं ओपनएच२६४ बसवण्यात गेला. एएसीला एफएफएमपेगचा स्वतःचा एन्कोडर पुरला. सोमवारी ‘आधीची मेल चुकीची होती’ हे लिहिणं त्याहून जड गेलं. तेव्हापासून प्रत्येक रिलीजआधी ती कमांड मी स्वतः चालवतो, तीही इन्स्टॉलरमधून निघालेल्या फाइलवर. बिल्ड मशीनवरच्या फाइलवर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक: एलजीपीएल लायब्ररी स्टॅटिक जोडणं, म्हणजे आपल्याच फाइलमध्ये मुरवणं. मनाई नाही, पण मग ग्राहकाला लायब्ररी बदलून पुन्हा लिंक करता यावं म्हणून तुमच्या ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेले, अजून न जोडलेले तुकडे) द्याव्या लागतात. तुमचे साहेब देतील? ‘एकच फाइल सुटसुटीत दिसते’ या हौसेपायी हे ओढवून घेऊ नका. लायब्ररीची एसओ किंवा डीएलएल फाइल वेगळी राहू द्या, यालाच डायनॅमिक लिंक म्हणतात. स्टॅटिकचा हट्टच असेल तर लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीऐवजी मसल घ्या, ते एमआयटी, म्हणजे अगदी सैल लायसन्सचं आहे.

‘डायनॅमिक लिंक केलं की जीपीएलमधून सुटलो’ ही पळवाट जीपीएल लिहिणारी संस्था, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, मानत नाही. कमांड लाइनला बाणाची बटणं चालावीत एवढ्यासाठी लोक रीडलाइन ही जीपीएल लायब्ररी जोडतात आणि अडकतात. त्याजागी लिबएडिट घ्या, ते बीएसडी, म्हणजे एमआयटीसारख्याच सैल लायसन्सचं आहे.

एमआयटीवाल्या कोडसोबतही कॉपीराइटची नोटीस द्यावी लागते. ‘अबाउट’च्या खिडकीत टाका, दहा मिनिटांचं काम.

अपाचे २.० या लायसन्सचा कोड ‘फक्त जीपीएल २’ वाल्यात मिसळत नाही. २००७ च्या जीपीएल ३ सोबत चालतो.

आणि रिपॉझिटरीत (कोड ठेवलेल्या जागेत) लायसन्सच नसेल तर? तो कोड मोकळा नसतो, परवानगीच मिळालेली नसते. लेखकाला मेल करून विचारा. नाहीच आलं उत्तर, तर तेवढा भाग मी स्वतः लिहितो.