फॉर्म्युला वनच्या गुणांवर वाद घालताना या चुका टाळा

7 डिसेंबर 2025 च्या रविवारी फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या हंगामातील शेवटची, अबू धाबीची शर्यत संपली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले होते. कोल्हापुरात राजारामपुरीतील एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जण ती शर्यत पाहत होतो. मॅक्स व्हर्स्टापेन पहिला, ऑस्कर पियास्ट्री दुसरा आणि लँडो नॉरिस तिसरा आला, आणि तिसऱ्या क्रमांकाचे 15 गुण धरून नॉरिस 423 गुणांनी जगज्जेता ठरला. व्हर्स्टापेन 421 वर थांबला, पियास्ट्री 410 वर. ‘‘अहो, मॅक्सनं आठ जिंकल्या, लँडोनं सात. मग चॅम्पियन तो कसा काय?’’ हा प्रश्न तिथेच निघाला आणि जेवणाची ताटे वाढली गेली तरी मिटला नाही.

असा वाद व्हावा, असेच मला वाटते. शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहत वाढलेल्या गावाला आपल्या बाजूने हिरिरीने बोलण्याची सवय आहे, आणि ज्या खेळावर प्रेम आहे त्याच्या नियमांवर तासन्‌तास बोलता येणे हा त्या प्रेमाचाच भाग आहे. पण गेली अनेक वर्षे मी पाहतो आहे की त्याच त्या चार-पाच चुकांमुळे हे बोलणे एका जागी अडकून पडते. दोन्ही बाजूंची आकडेमोड बरोबर असते आणि तरीही निष्कर्ष चुकतो.

एका हंगामाला दुसऱ्या हंगामाचे नियम लावणे

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. 2008 चे उदाहरण घ्या. त्या वर्षी पहिल्या आठ जणांना 10, 8, 6, 5, 4, 3, 2, 1 असे गुण मिळत होते, आणि शेवटी लुईस हॅमिल्टनचे 98 व फेलिपे मासाचे 97 गुण झाले. मासाचा चाहता म्हणतो की 1991 ते 2002 या काळातील 10, 6, 4, 3, 2, 1 ही पद्धत लावून पाहा. लावली तर मासाचे 83 आणि हॅमिल्टनचे 80 गुण होतात. हॅमिल्टनचा चाहता 2010 पासूनची 25, 18, 15, 12, 10, 8, 6, 4, 2, 1 ही पद्धत लावतो, तेव्हा हॅमिल्टन 243 आणि मासा 240 असा निकाल येतो. मी हे दोन्ही हिशोब कागदावर करून पाहिले आहेत आणि दोन्ही बिनचूक आहेत.

चूक पुढच्या पायरीवर होते. ब्राझीलच्या शेवटच्या शर्यतीपूर्वी हॅमिल्टनचे 94 आणि मासाचे 87 गुण होते, त्यामुळे मासा जिंकला तरी हॅमिल्टनला पाचवा क्रमांक पुरेसा होता. हॅमिल्टनने तो दिवस पाचव्या क्रमांकाच्या हिशोबानेच चालवला, आणि पावसात टिमो ग्लॉकला अगदी शेवटच्या वळणांवर मागे टाकून तो क्रमांक मिळवला. जुनी पद्धत असती तर त्या सकाळी हॅमिल्टन 78 आणि मासा 73 वर असते, म्हणजे मासा जिंकत असताना हॅमिल्टनला दुसरा क्रमांक घेणे भाग होते. ज्याला दुसरे यायचे आहे तो चालक पाचव्या क्रमांकावर समाधान मानून गाडी जपत चालवत नाही. त्याच्या टायरचा निर्णय वेगळा होतो, टायर बदलायला पिटमध्ये येण्याची वेळ बदलते आणि कोणाला ओलांडण्यासाठी किती धोका पत्करायचा हेही बदलते. म्हणून 83 विरुद्ध 80 हा निकाल कोणीच न चालवलेल्या हंगामाचा आहे.

2021 च्या बेल्जियमच्या शर्यतीबाबत तर ही चूक हमखास होते. पावसामुळे ती सेफ्टी कारच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी सर्वांना हळू चालवायला लावणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागेच आटोपली आणि अर्धे गुण दिले गेले: व्हर्स्टापेनला 12.5, तिसऱ्या आलेल्या हॅमिल्टनला 7.5. ते गुण वजा केले तरी हंगामाअखेर व्हर्स्टापेन 383 विरुद्ध 380 असा पुढेच राहतो, म्हणून ‘त्या शर्यतीने काहीच फरक पडला नाही’ असे सांगितले जाते. परंतु अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीत दोघे प्रत्येकी 369.5 गुणांवर उतरले होते आणि जास्त विजयांमुळे, म्हणजे नऊ विरुद्ध आठ, व्हर्स्टापेन वरचढ होता. दोघेही बाद झाले असते तर विजेतेपद त्याचे होते. बेल्जियमचे गुण काढून टाकले तर हॅमिल्टन 362 आणि व्हर्स्टापेन 357 असे चित्र उरते, आणि दोघेही बाद झाल्यास विजेता हॅमिल्टन ठरतो. पहिल्या वळणावर शेजारच्या गाडीला किती जागा द्यायची, हा विचारच अशा वेळी उलटा होतो.

तेव्हा जुने किंवा नवे गुण लावून पाहायला हरकत नाही, त्यातून त्या पद्धतीचा स्वभाव कळतो. पण त्यावरून ‘खरा विजेता’ जाहीर करू नये.

बेरीज अर्धवट करणे

आपली बेरीज अधिकृत तक्त्याशी जुळत नसेल, तर तक्त्यावर संशय घेण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. हंगाम 1990 किंवा त्याआधीचा असेल तर सर्व शर्यतींचे गुण धरले जात होते का, हे प्रथम पाहावे. 1988 मध्ये अ‍ॅलन प्रोस्टने एकूण 105 आणि आयर्टन सेनाने 94 गुण मिळवले, पण 16 पैकी सर्वोत्तम 11 निकालच मोजायचे होते. प्रोस्टचे सात विजय आणि सात दुसरे क्रमांक होते. त्यांतील तीन दुसरे क्रमांक गळाले आणि त्याचे 87 उरले. सेनाचे आठ विजय आणि तीन दुसरे क्रमांक मिळून 90 झाले. ‘प्रोस्टचे 18 गुण कापले’ असे म्हणणे मला मान्य नाही, कारण हा नियम पहिल्या शर्यतीच्या आधीपासून दोघांनाही माहीत होता. मात्र सातत्याने दुसरे येणाऱ्याचे कष्ट तो नियम पुसून टाकत होता, ही तक्रार रास्त आहे, आणि 1991 पासून सर्व निकाल मोजले जाऊ लागले ते योग्यच झाले.

त्यानंतर स्प्रिंट शर्यती, म्हणजे काही ठिकाणी मुख्य शर्यतीआधी होणाऱ्या छोट्या शर्यती. 2021 मध्ये त्यांत पहिल्या तिघांनाच 3, 2, 1 असे गुण मिळत. 2022 पासून पहिल्या आठ जणांना 8 पासून 1 पर्यंत मिळतात. सर्वांत वेगवान फेरीचा एक गुण 1950 ते 1959 या काळात होता, 2019 मध्ये तो पहिल्या दहांत येणाऱ्यांसाठी परत आला आणि 2025 पासून पुन्हा बंद झाला. 2014 मध्ये शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण होते, तेवढ्या एकाच वर्षी. बहुतेक वेळा जुळत नसलेला आकडा यांपैकी एखाद्या ठिकाणी सापडतो.

पावसाने आटोपलेल्या शर्यतीत मात्र नियमाचा शब्द न्‌ शब्द वाचावा लागतो. 2022 च्या जपानच्या शर्यतीत 53 पैकी 28 फेऱ्याच झाल्या, तरीही पूर्ण गुण दिले गेले, कारण कमी गुणांची तरतूद थांबवलेली शर्यत पुन्हा सुरूच होऊ शकली नाही तर लागू होईल, अशी लिहिलेली होती, आणि ही शर्यत पुन्हा सुरू झाली होती. त्या दिवशी आपण जगज्जेते झालो की नाही, याचा व्हर्स्टापेनलाही लगेच उलगडा झाला नव्हता.

गुण समान झाले तर काय, याबाबत फुटबॉलच्या गोलफरकाची सवय इथे उपयोगी पडत नाही. प्रथम विजय मोजले जातात, तेही समान असतील तर दुसरे क्रमांक, आणि असेच खाली. 2007 मध्ये हॅमिल्टन आणि फर्नांडो अलोन्सो दोघांचे 109 गुण आणि चार-चार विजय होते. हॅमिल्टनचे पाच दुसरे क्रमांक अलोन्सोच्या चारपेक्षा जास्त म्हणून तो वर राहिला. जगज्जेता अर्थात 110 गुणांचा किमी रायकोनेन होता.

‘ज्याचे विजय जास्त, तोच खरा’ असे धरून चालणे

कोल्हापुरात हे मत का पटते, ते मी समजू शकतो. खासबाग मैदानात चितपट कुस्ती पाहिलेल्या डोळ्यांना गुणांवर दिलेला निकाल अपुरा वाटतो. पण विजेतेपदाची स्पर्धा म्हणजे एक कुस्ती नव्हे; ती अनेक शर्यतींची (2025 मध्ये 24) मालिका आहे, आणि वाईट दिवशीही चौथा-पाचवा क्रमांक काढणे ही तीतली मोठी विद्या आहे. 1982 मध्ये केके रोसबर्ग एकच शर्यत जिंकून जगज्जेता झाला. 1987 मध्ये नेल्सन पिकेचे तीन विजय होते आणि नायजेल मॅन्सेलचे सहा, तरी विजेतेपद पिकेचे. 2016 मध्ये निको रोसबर्गने नऊ विजयांसह दहा विजयांच्या हॅमिल्टनला पाच गुणांनी मागे टाकले. सर्वाधिक विजय मिळवणाराच जगज्जेता, असा नियम 2009 च्या हंगामासाठी जाहीरही झाला होता, आणि संघांच्या विरोधामुळे हंगाम सुरू होण्यापूर्वी तो मागे घ्यावा लागला.

या वादात विचारण्याजोगा प्रश्न असा की दुसऱ्या क्रमांकाला विजयाच्या किती टक्के गुण द्यावेत. 1961 ते 1990 पर्यंत 9 ला 6, म्हणजे सुमारे 67 टक्के. 1991 पासून 60 टक्के. 2003 ते 2009 मध्ये तब्बल 80 टक्के. आणि आता 25 ला 18, म्हणजे 72 टक्के. माझे मत स्पष्ट आहे: 80 टक्के फार होते, कारण आघाडीवर असलेल्या चालकाला जोखीम घेण्याचे कारणच उरत नव्हते. आजचे प्रमाण मला न्याय्य वाटते. या आकड्यावर दुमत असलेल्या मित्राशी बोलताना चर्चा पुढे सरकते, हा माझा अनुभव आहे.

एका शर्यतीवर सगळे खापर फोडणे

नॉरिस आणि व्हर्स्टापेन यांच्यात अखेर दोनच गुणांचे अंतर राहिल्यामुळे 2025 मध्ये प्रत्येकाला आपापली शर्यत सापडली. व्हर्स्टापेनच्या विरोधकांनी स्पेनकडे बोट दाखवले, जिथे जॉर्ज रसेलशी झालेल्या धडकेबद्दल दहा सेकंदांची पेनल्टी लागून तो पाचव्यावरून दहाव्या क्रमांकावर गेला आणि नऊ गुण गमावून बसला. त्याच्या चाहत्यांनी इटलीतील मोन्झाचे नाव घेतले; तिथे नॉरिस आणि पियास्ट्री या दोघांच्या एकाच संघाच्या सूचनेवरून पियास्ट्रीने दुसरा क्रमांक नॉरिसला परत दिला, आणि ते तीन गुण नसते तर नॉरिस 420 वर राहिला असता. नॉरिसच्या बाजूने नेदरलँड्समधील झँडव्होर्टला बंद पडलेली त्याची गाडी आणि लास व्हेगास पुढे आले.

लास व्हेगासची गोष्ट आमच्यातील एका मित्राने सर्वांत नीट समजावली. तो उद्यमनगरात लेथवर काम करतो. गाडीखालची फळी नवी असताना 10 मिलिमीटर जाड असते आणि शर्यतीनंतर ती 9 मिलिमीटरपेक्षा कमी भरता कामा नये. नॉरिस आणि पियास्ट्री दोघांच्याही गाड्यांची फळी कमी भरली आणि दुसऱ्या व चौथ्या क्रमांकाचे 18 आणि 12 गुण गेले. ‘‘माप म्हणजे माप. माझा जॉब एवढ्याशानं परत येतो,’’ एवढेच तो म्हणाला, आणि अन्यायाची भाषा तिथे थांबली.

या सर्व शर्यतींचे गुण सारखेच खरे आहेत. एकच निवडून तिच्यावर निकाल लादायचा असेल, तर समोरच्यालाही त्याची एक निवडू द्यावी लागते. आणि इथेही पहिलीच चूक लपलेली असते: व्हर्स्टापेनचे नऊ गुण वाढले असते तर नॉरिस अबू धाबीत तिसऱ्या क्रमांकावर खुशाल राहिला नसता.

गुणांवरून चालक मोजणे

निरनिराळ्या काळांतील चालकांचे एकूण गुण शेजारी ठेवणे व्यर्थ आहे. 1963 मध्ये जिम क्लार्कचे 54 गुण झाले, 2023 मध्ये व्हर्स्टापेनचे 575. पण क्लार्कच्या वेळी सर्वोत्तम सहाच निकाल मोजायचे होते, त्यामुळे 54 म्हणजे मिळू शकणारे सर्व गुण. तुलना करायचीच असेल तर मिळवलेल्या सर्व गुणांची शक्य गुणांशी टक्केवारी काढावी: क्लार्क 90 पैकी 73, म्हणजे 81 टक्के; 2002 चा मायकेल शूमाकर 170 पैकी 144, म्हणजे सुमारे 85; आणि 2023 चा व्हर्स्टापेन 620 पैकी 575, म्हणजे जवळपास 93. क्लार्कच्या काळी गाड्या वारंवार बंद पडत, हे त्यासोबत सांगितले पाहिजे.

एकाच संघातील दोघांची तुलना त्याहून बरी, तरी तीही जपून करावी. 2024 मध्ये व्हर्स्टापेनचे 437 आणि त्याचा सहकारी सर्जिओ पेरेझचे 152 गुण होते. त्यावरून पहिला जवळपास तिप्पट चांगला ठरत नाही, कारण पहिल्या व दुसऱ्यातील फरक सात गुणांचा आहे आणि पाचव्या व सहाव्यातील फक्त दोनांचा. पुढे असणाऱ्याचे अंतर ही पद्धतच फुगवते. आणि कोल्हापूरलगतच्या ट्रॅकवर भाड्याची कार्ट चालवलेल्या कोणालाही ठाऊक आहे की दिसायला सारख्या दोन गाड्याही सारख्या पळत नाहीत.

त्या रात्री अकराच्या सुमारास बोलणे आकड्यांवरून चालकांच्या चारित्र्यावर घसरले आणि आवाज चढले. तेव्हा यजमानांच्या वडिलांनी 1958 ची हकीकत सांगितली. पोर्तुगालच्या शर्यतीत माइक हॉथॉर्न दुसरा आला होता, पण ट्रॅकच्या उलट्या दिशेने गाडी चालू केल्याबद्दल त्याला बाद करण्याची वेळ आली. त्याचा प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस पंचांसमोर गेला आणि हॉथॉर्नच्या बाजूने साक्ष दिली, आणि त्याचे गुण कायम राहिले. वर्षाअखेर चार शर्यती जिंकलेल्या मॉसचे 41 गुण होते, एक जिंकलेल्या हॉथॉर्नचे 42. पोर्तुगालचे गुण गेले असते तर सर्वोत्तम सहाच निकाल मोजण्याच्या तेव्हाच्या नियमाने हॉथॉर्नची बेरीज 39 झाली असती. मॉस पुढे कधीच जगज्जेता झाला नाही. दोन मिनिटे कोणी काही बोलले नाही, मग लेथवाल्या मित्राने कागद पुढे ओढला आणि आम्ही पुन्हा मोन्झाच्या तीन गुणांवर आलो.