क्षेपणास्त्र किती किलोचं हे नंतर, आधी ते कुठे टांगलंय ते बघा

लढाऊ विमानांच्या वेडापायी एरोस्पेसला आलात, म्हणजे कोणतं विमान किती क्षेपणास्त्रं नेतं हे तोंडपाठ असणारच. पुढे त्याचा फारसा उपयोग नाही. सगळी वजनं बेरजेत धरून मोकळं व्हायचं, या सवयीनं माझं एक अख्खं सेमिस्टर खाल्लं.

एफ-१६ घ्या. त्याचं साइडवाइंडर क्षेपणास्त्र साधारण ८५ किलोचं. ते मध्यरेषेपासून ५ मीटरवर, पंखाच्या टोकाला आहे असं धरा. वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे रोलच्या (विमान डावीउजवीकडे कलण्याच्या) इनर्शियात सुमारे २,१०० किलो-चौरस मीटरची भर. तेच अडीच मीटरवर आणलंत तर जेमतेम ५३०. टोकाला वजन असलं की विमान रोल सुरू करायला वेळ घेतं आणि थांबवायलाही.

आता एका बाजूचं सोडा. सरळ उड्डाणात राहिलेल्याचा मोमेंट साधारण ४,२०० न्यूटन-मीटर. ट्रिमनं, म्हणजे कंट्रोल्सच्या छोट्या जुळवणीनं, भागतं. पण ५ जीचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट भाराचं, वळण घेतलंत की तोच २१,००० होतो! वजन वाढलेलं नाही, जी वाढलाय. पुन्हा सांगतो, असमतोल जीच्या पटीत वाढतो. म्हणून एका बाजूला भार राहिला की किती जी खेचायचा यावर बंधनं येतात, आणि कोणत्या बाजूचं आधी सोडायचं हा डावपेचाचा प्रश्न होतो.

घाबरू नका, हे बारावीचंच फिजिक्स आहे. रील्स बघून मात्र येणार नाही. जो सर पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडून देतो आणि फ्री-बॉडी डायग्राम काढायला लावत नाही, त्याच्यापासून जरा लांबच राहा.

मग टोकाला लावतात कशाला? लिफ्ट पंखाला वर वाकवते, टोकाचं वजन खाली ओढतं, त्यामुळे मुळाशी ताण कमी पडतो. सीकरला, म्हणजे क्षेपणास्त्राच्या नाकातल्या लक्ष्य शोधणाऱ्या डोळ्याला, नजरेआड काही येत नाही. शिवाय फ्लटर, म्हणजे वेगात पंखाची वाढत जाणारी थरथर; टोकाचं योग्य वजन ती आवरतं. एफ-१६ वर दीडशे किलोच्या वरचं अ‍ॅमराम टोकाला आणि हलकं साइडवाइंडर आतल्या बाजूला, हे उलटं वाटणारं चित्र त्यासाठीच. युरोपच्या टायफून विमानाची चार क्षेपणास्त्रं पोटाखाली अर्धी रुतलेली असतात. ड्रॅग वाचतो, पण सोडताना आधी खाली ढकलावी लागतात.

आपलं उदाहरण हवं तर सुखोई-३० एमकेआय आणि ब्रह्मोस. अडीच टनांचं एकच क्षेपणास्त्र, बरोबर मध्यरेषेवर. जून २०१६ मध्ये नाशिकच्या एचएएलमधून ते घेऊन सुखोई पहिल्यांदा उडालं. डावीउजवीकडचा प्रश्न इथे नाहीच. सुटल्यावर पुढेमागे तोल किती सरकतो, ते तुम्ही काढून बघा.