तारकर्लीला मुक्काम, आसपास भटकंती: या चुका टाळा

"सकाळी विजयदुर्ग, दुपारी देवगड, येताना कुणकेश्वर आणि जमलं तर सूर्यास्ताला वेंगुर्ला." मालवणजवळच्या तारकर्लीला निघालेल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हा बेत दर डिसेंबरात फिरतो. विजयदुर्ग तारकर्लीच्या उत्तरेला ८०-८५ किलोमीटर, वेंगुर्ला दक्षिणेला ४५च्या आसपास. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतात, कारण तो हायवेच्या हिशेबाने मोजतो. इथला रस्ता खाडीपाशी उतरतो, पूल ओलांडून पुन्हा सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर चढतो आणि मध्येच एखाद्याच्या अंगणातून काढल्यासारखा वळतो. ताशी ३५-४० धरलेत तर हिशेब जमेल. म्हणजे विजयदुर्गाला एका बाजूने सव्वादोन-अडीच तास, तेही चहाला न थांबता.

म्हणून एका दिवसाला एकच दिशा. उत्तरेला गेलात तर आचरा, कुणकेश्वर, देवगड. विजयदुर्ग हवाच असेल तर सातच्या आत गाडी सुरू करा. दक्षिणेला निवती, वेंगुर्ला, आरवली, शिरोडा, रेडी. आरवलीच्या वेतोबा या ग्रामदेवाला नवसाच्या भल्याथोरल्या चपला वाहतात, त्या बघायला पोरं हमखास उतरतात. आणि शिरोड्याची मिठागरं म्हणजे १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा, तिथे दहा मिनिटं थांबायला हरकत नाही. मालवण मात्र सहा-सात किलोमीटरवर आहे म्हणून 'येता-जाता' उरकू नका. त्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्या.

नकाशा आणखी एका ठिकाणी फसवतो. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की समोर भोगवे गाव हाकेच्या अंतरावर दिसतं. मध्ये कर्ली नदी समुद्राला मिळते. होडीने काही मिनिटं, पण गाडीने जायचं तर मागे मालवणकडे येऊन चौके, नेरूरपारचा पूल, परुळे असा तासाहून जास्त वळसा. मी पहिल्या खेपेला गाडी देवबागेत आणून "आता पलीकडे कसं जायचं?" असं विचारलं होतं. ज्यांना विचारलं ते काका बराच वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले.

घड्याळ बघितलं, पंचांग बघितलं नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या किनाऱ्यावर दिवसाचा बेत भरती-ओहोटी ठरवते. देवबागच्या संगमावरचा वाळूचा पट्टा, ज्याला सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतात, तो ओहोटीला मोकळा होतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. अकराला पोहोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिलेले आणि "फोटोत तर बेट होतं" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. येईल ती भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन, तीन मोजायचं. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा शेवटचा शब्द होडीवाल्याचाच. पण आदल्या रात्री बेत आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं आणि जास्त उतरतंही.

मालवणला दांडीच्या किनाऱ्यावरून समोरच्या पद्मगड या छोट्या किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाता येतं. जाताना मजा वाटते, परतीचं पाणी कोणी मोजत नाही. आम्ही निम्म्यावर असताना जाळं विणत बसलेला एक म्हातारा ओरडला, "खंय जातास? पाणी चढता!" आम्ही मुकाट्याने मागे फिरलो. कधी अडकलातच तर पाण्यातून परत चालायचा प्रयत्न करू नका. उंच खडकावर थांबा, किनाऱ्यावरच्या माणसाचं लक्ष वेधा, होडी येते.

गाडी वाळूत रुतली तर

मुळात पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालायचीच नाही, पण सल्ला नेहमी रुतल्यावर वाचला जातो. अ‍ॅक्सिलरेटर दाबून चाक फिरवत राहिलात तर गाडी पोटावर बसते. थांबा. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हातांनी काढा, टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास आणा आणि चाकांखाली माडाच्या झावळ्या किंवा पायपुसणी घाला. मग शक्यतो आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये, नाहीतर पहिल्या गिअरमध्ये पुढे, हळू बाहेर. ओल्या वाळूत असाल आणि भरती लागली असेल तर हे प्रयोग नकोत. सरळ जवळच्या वाडीत जाऊन चार माणसं बोलवा. बाहेर आल्यावर पंपापर्यंत सावकाश जाऊन हवा भरा आणि त्याच दिवशी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

दुपारचे दोन

छोट्या गावात दुपारी एक ते चार बाजार झोपतो. वेंगुर्ल्याला काजू घ्यायला अडीचला गेलात तर बंद फळ्या बघाल. खानावळींचंही तसंच: घरगुती ठिकाणी मासा मोजून आणलेला असतो आणि अडीचनंतर उरतो तो रस्सा. सकाळी निघतानाच फोन करून किती माणसं आणि कुठला मासा हे सांगून ठेवा. थाळीचा दर माशावर ठरतो. सुरमई-पापलेट आणि बांगडा यांत बराच फरक असतो, तेव्हा बसण्याआधी विचारा, नंतर वाद नको. सोमवारी-गुरुवारी मासळीबाजार जरा थंड असतो, आणि जून-जुलैमध्ये मोठ्या होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजी सुरमई' असा फलक दिसला तर मी कुळथाची पिठी मागवतो.

देवगडच्या वाटेवर आंब्याच्या पेट्यांचंही एक आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून 'देवगड' छापलेल्या प्रत्येक पेटीतला आंबा देवगडचाच असतो असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येच सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक असतील तर वास घेऊन बघा. वास नसेल तर पुढे चला.

किल्ल्याची होडी बंद

सिंधुदुर्गाची बांधणी १६६४ साली कुरटे बेटावर सुरू झाली. तिथे जायला मालवणच्या जेट्टीवरून होडी, आणि पावसाळ्यात ती बंद. हंगामातही जोराचा वारा असेल तर तो पडेपर्यंत होडी सोडत नाहीत, तेव्हा होडीवाल्याशी हुज्जत घालू नका. डिसेंबरच्या सुट्टीत अकराला गेलात तर रांगेतच ऊन चढतं; पहिली होडी गाठा. गडावर साधारण तासभरच मिळतो आणि त्याच होडीने परतायचं असतं. म्हणून आधी शिवराजेश्वराचं मंदिर, मग तट. पाणी सोबत ठेवा.

होडी सुटलीच नाही तर कुडाळ रस्त्याने धामापूरला जा. तलाव १५३०चा, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती गर्द झाडी, आणि वाऱ्याचा इथे काही संबंध नाही. एसटीने जाणार असाल तर उतरल्याउतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरलाच विचारा. आणि खिशात सुटे पैसे असू द्या. सड्यावर रेंज असते, खाली वाडीत शहाळंवाल्यासमोर फोन गोल-गोल फिरत राहतो.