मुलांना बस्टर कीटन दाखवायचा असेल तर

दर मे महिन्यात मी बालनाट्य शिबिर घेते. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीचे पडदे ओढायचे आणि पोरांना मूकपटांतला अमेरिकन विनोदवीर बस्टर कीटन दाखवायचा, हे ठरलेलं. पडायचं कसं आणि पडताना चेहरा कसा ठेवायचा, हे त्याच्याइतकं नेमकं मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही.

सुरुवात 'वन वीक'ने करा. १९२० चा लघुपट, वीसेक मिनिटांचा. नवं जोडपं, खोक्यांतून आलेलं सुट्या भागांचं घर आणि खोक्यांवरचे आकडे गुपचूप बदलणारा एक जळकुटा. मी एका वर्षी 'जनरल'ने सुरुवात केली होती. सिनेमा थोर, पण सव्वा तासाचा. आठ-नऊ वर्षांची पोरं मध्येच चुळबुळायला लागली. तो मोठ्या मुलांसाठी ठेवा.

सिनेमा चालू असताना समजावत बसू नका. मधल्या पाट्या तेवढ्या मराठीत मोठ्याने वाचा. शेवटी घर रुळांवर अडकतं, गाडी धडधडत येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते. पोरं हुश्श करतात न करतात तोच उलट्या दिशेने दुसरी येते! हा भाग नंतर पुन्हा लावा आणि विचारा, "त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं?"

मग त्याचं बालपण सांगा. जन्म १८९५ चा, कॅन्ससमधला. आईवडील व्होडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नकला, कसरती एकापाठोपाठ सादर होणाऱ्या खेळांत. तिघांचा संच, 'द थ्री कीटन्स'. वडील त्याला उचलून रंगमंचावर भिरकवायचे; पकड नीट मिळावी म्हणून कपड्यांना पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे त्याला तिथेच उमगलं. मुलांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या संस्थेने या खेळावर हरकत घेतली होती, हेही मी सांगते. पोरांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात.

आता भिंत. 'वन वीक'मध्ये एक भिंत कोसळते आणि खिडकीच्या मोकळ्या जागेमुळे तो वाचतो. लगेच १९२८ च्या 'स्टीमबोट बिल, ज्युनियर'मधलं वादळ लावा. तिथे घराचा अख्खा दर्शनी भाग, सुमारे दोन टनांचा, खरोखर त्याच्यावर पडतो. खिडकी त्याच्या अंगाभोवती जेमतेम बसणारी. जागा चुकली असती तर जीव गेला असता.

हे आम्ही पुठ्ठ्यावर करतो. टीव्हीच्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा, त्यात चौकोनी खिडकी, आणि जमिनीवर टाचांसाठी खडूच्या दोन खुणा. दोघांनी पुठ्ठा हळूच सोडायचा. उभ्या मुलाने वर बघायचं नाही, खांदे आक्रसायचे नाहीत. पहिल्यांदा प्रत्येक जण डोळे मिटतो. चौथ्या-पाचव्या खेपेला एखादी मुलगी नुसती उभी राहते, आणि खोली हसून फुटते. पडण्याचा सराव फक्त गादीवर, हनुवटी छातीला लावून, आणि मोठं माणूस जवळ असतानाच. १९२४ च्या 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये पाण्याच्या लोंढ्याखाली त्याच्या मानेचं हाड मोडलं आणि ते कळलं कित्येक वर्षांनी, एवढं सांगितलं की पोरं ऐकतात.

पुढचं मोठ्या मुलांसाठी. १९२८ मध्ये स्वतःचा स्टुडिओ सोडून तो एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या चित्रपट कंपनीकडे गेला, मनासारखं काम करायची मुभा गेली, दारू वाढली आणि १९३३ मध्ये त्याला काढून टाकलं. त्यानंतर मी १९५२ च्या 'लाइमलाइट'मधला प्रवेश लावते. चॅप्लिनचं व्हायोलिन, कीटनचा पियानो. स्वरलिपीचे कागद घसरून पडतात, तो उचलून ठेवतो, पुन्हा घसरतात. चेहरा तोच.