आंतरराष्ट्रीय शिक्षणात पदव्युत्तर पदवी आणि नोकरी: सुरुवात जाहिरातीपासून करा

'आंतरराष्ट्रीय शिक्षण' हे नाव एकच, पण त्याखाली निदान चार वेगवेगळे पेशे येतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा आणि देवाणघेवाणीचे करार सांभाळणं, हा पहिला. युद्ध किंवा भूकंपानंतर मुलांची शाळा पुन्हा सुरू करणं, किंवा एखाद्या देशाच्या शिक्षण खात्याबरोबर कार्यक्रम राबवणं, हा दुसरा. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) यासारख्या अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकवणं हा तिसरा. चौथा संशोधनाचा: देशोदेशीच्या चाचण्यांची आकडेवारी तपासून धोरणाविषयी काही ठामपणे सांगता येतं का, हे पाहणं. एका पेशातला अनुभव दुसऱ्यात फारसा चालत नाही. 'ग्लोबल एज्युकेशन' नावाची कुठलीही मास्टर्स चारही दारं उघडेल, अशा समजुतीने प्रवेश घेणाऱ्यांची निराशा बहुधा पदवी हातात पडल्यावरच होते, आणि तोवर पैसे व वर्ष दोन्ही खर्च झालेलं असतं.

म्हणून आधी नोकरीची जाहिरात वाचायची, पदवी त्यानंतर निवडायची.

तीस जाहिराती आणि एक तक्ता

युनिसेफ आणि युनेस्कोची भरतीची पानं, मदतकार्याच्या नोकऱ्यांसाठी रिलीफवेब, आपत्कालीन शिक्षणासाठी आयएनईई हे संस्थांचं जाळं, विद्यापीठीय नोकऱ्यांसाठी अमेरिकेतली नॅफ्सा आणि युरोपातली ईएआयई या संघटना, एवढी ठिकाणं पुरेशी आहेत. पाच वर्षांनी जी नोकरी करायला आवडेल, तशा तीस जाहिराती गोळा करा आणि प्रत्येकीतून सहा गोष्टी तक्त्यात उतरवा: पदनाम, किमान पदवी, अनुभवाची वर्षं, भाषा, सॉफ्टवेअर किंवा संशोधन-पद्धत, आणि कोणत्या नागरिकत्वाचे लोक अर्ज करू शकतात.

शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात, आणि नेमकी तिथेच गाडी अडते. संयुक्त राष्ट्रांमध्ये 'एनओ' श्रेणीची पदं त्या त्या देशाच्या नागरिकांसाठीच असतात. 'पी' श्रेणीची पदं आंतरराष्ट्रीय असतात. पी-२ साठी साधारणपणे मास्टर्स आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, पी-३ साठी पाच वर्षांचा. अमेरिकी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची सेव्हिस या सरकारी प्रणालीतली नोंद ठेवणारा अधिकारी, म्हणजे डीएसओ, हा अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासीच असावा लागतो. तिथे शिकून त्याच कार्यालयात नोकरी धरण्याचा बेत असलेल्या परदेशी विद्यार्थ्याला हा एक नियम आधी माहीत असला, तर त्याची सगळी आखणी बदलते.

तीसपैकी दहा जाहिरातींत जे कौशल्य पुन्हा पुन्हा येतं, ते तुमच्या अभ्यासक्रमात असलंच पाहिजे. ते तिथे नसेल, तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, तो अभ्यासक्रम तुमच्या कामाचा नाही.

कोणत्या वाटेला काय लागतं

शिकवण्याच्या वाटेवर सर्वांत मोठी गल्लत परवान्याची होते. आंतरराष्ट्रीय शिक्षणातली मास्टर्स म्हणजे शिक्षकाचा परवाना नव्हे. इंग्लंडमधली पीजीसीई ही शिक्षक-प्रशिक्षणाची पात्रता बहुधा क्यूटीएस या शिक्षक-दर्जासह मिळते; तिची दूरस्थ पद्धतीने करता येणारी आंतरराष्ट्रीय आवृत्ती, आयपीजीसीई, स्वतःहून तो दर्जा देत नाही. काही शाळांना आयपीजीसीई चालते. पण काही देशांत शिक्षकाचा कामाचा व्हिसा मूळ देशातल्या परवान्यावर अवलंबून असतो, आणि तिथे शाळेची इच्छा असूनही नेमणूक अडकते. शुल्क भरण्याआधी त्या देशाचा नियम वाचावा.

आपत्कालीन शिक्षणाच्या वाटेवर आयएनईईची किमान मानकं पाठ नव्हे, पण हाताशी हवीत. ती २००४ मध्ये पहिल्यांदा आली, २०१० आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. मुलाखतीत 'पुरानंतर पहिल्या दोन आठवड्यांत काय कराल?' असा प्रश्न आला, तर उत्तर या मानकांच्या भाषेत यावं लागतं: समाजाचा सहभाग, इतर संस्थांशी समन्वय, गरजांची पाहणी, शिकण्याच्या जागेची सुरक्षितता, शिक्षकांचा मोबदला. या वाटेवर पैशाचा स्रोत ओळखणंही आलंच. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था मोडीत काढली आणि तिच्या निधीवर चालणारे कितीतरी शिक्षण-कार्यक्रम मध्येच थांबले. नोकरी निवडताना संस्थेचा निधी एकाच सरकारकडून येतो की चार ठिकाणांहून, हे तिच्या वार्षिक अहवालात पाहून घ्यावं.

विद्यापीठीय कार्यालयाच्या कामाला शिक्षण-सिद्धान्त कमी आणि काटेकोरपणा जास्त लागतो. श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) हस्तांतर, विद्यार्थी परदेशात काय शिकणार हे ठरवणारा, इरॅस्मस या युरोपीय देवाणघेवाण योजनेतला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, परदेशी गेलेला विद्यार्थी आजारी पडला तर कोणी काय करायचं याची लेखी योजना, हे रोजचं काम. इथे शिक्षण चालू असतानाच त्याच कार्यालयात अर्धवेळ काम केलेला उमेदवार इतरांच्या पुढे जातो.

अभ्यासक्रम पारखताना

तौलनिक आणि आंतरराष्ट्रीय शिक्षण ही जुनी विद्याशाखा आहे. मार्क-आंत्वान ज्यूलियाँ यांनी १८१७ मध्ये तिचा आराखडा मांडला, आणि या क्षेत्रातली प्रमुख संघटना सीआयईएस १९५६ पासून काम करते आहे. कोलंबियाचं टीचर्स कॉलेज, लंडनमधील यूसीएलची शिक्षणसंस्था, ऑक्सफर्ड, ससेक्स, स्टॉकहोम, ओस्लो, टोरोंटो इथे या विषयाचे प्रस्थापित अभ्यासक्रम आहेत. बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठाच्या समन्वयाने चालणारा ग्लोबेड हा इरॅस्मस मुंडुस (अनेक विद्यापीठांचा संयुक्त) अभ्यासक्रम शिक्षण-धोरण आणि विकास यांवर आहे.

ब्रिटनमधली पूर्णवेळ मास्टर्स सहसा एका वर्षाची आणि १८० श्रेयांकांची असते. युरोपात बहुधा दोन वर्षांची, १२० ईसीटीएस, म्हणजे युरोपीय श्रेयांकांची. एका वर्षात खर्च कमी होतो हे खरं, पण इंटर्नशिपला जागाच उरत नाही. अनुभव नसलेल्या माणसाने दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे तीन-चार वर्षांचं काम आहे, त्याला एक वर्ष पुरतं.

अभ्यासपत्रिका उघडून पाहा: संख्यात्मक संशोधनपद्धतीचा एक तरी पेपर सक्तीचा आहे का? शेवटी प्रबंध आहे की प्रकल्प? पुढे पीएचडी करायची असेल तर प्रबंधच हवा. त्यानंतर लिंक्डइनवर त्या अभ्यासक्रमाचे गेल्या तीन वर्षांतले वीस माजी विद्यार्थी शोधा आणि ते आज कुठे, कोणत्या पदावर आहेत ते लिहून काढा. माहितीपत्रकात पाच यशस्वी चेहरे असतात; वीस जणांची यादी खरी परिस्थिती सांगते.

अमेरिकेत जाणाऱ्यांनी आणखी एक तपासावं: अभ्यासक्रमाचा सीआयपी क्रमांक, म्हणजे अमेरिकी सरकारी वर्गीकरणातला त्याचा क्रमांक. पदवीनंतर ओपीटी या विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीखाली १२ महिने काम करता येतं. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या क्रमांकांना आणखी २४ महिने मिळू शकतात. 'आंतरराष्ट्रीय आणि तौलनिक शिक्षण' हा १३.०७०१ क्रमांक त्या यादीत नाही. शैक्षणिक मूल्यमापन व संशोधन किंवा शैक्षणिक तंत्रज्ञान अशा क्रमांकांखाली नोंदलेले अभ्यासक्रम त्यात येतात. नावावरून हे कळत नाही, प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावं लागतं.

अर्जाचं वेळापत्रक

वर्ग सुरू होण्याच्या पंधरा महिने आधी तक्ता तयार असावा. बारा महिने आधी शिष्यवृत्त्यांच्या खिडक्या उघडू लागतात, आणि त्या बऱ्याचदा विद्यापीठाच्या मुदतीच्या आधी बंद होतात. सर्वाधिक लोक इथेच चुकतात: प्रवेश मिळतो, तेव्हा शिष्यवृत्तीची तारीख उलटून गेलेली असते. ब्रिटन सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जे-१ या देवाणघेवाण व्हिसाने गेलेल्यांनाही दोन वर्षं मायदेशी राहण्याचा नियम लागू होतो. तो पूर्ण होईपर्यंत एच-१बी हा कामाचा व्हिसा मिळत नाही. इरॅस्मस मुंडुसमध्ये दरमहा १,४०० युरो मिळतात, पण जागा मोजक्या. शिष्यवृत्ती घेताना मायदेशी परतण्याची अट आपल्या पुढच्या बेताशी जुळते का, हे आधी ताडून पाहा.

आयईएलटीएस आणि टोफेलचे गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे फार आधी परीक्षा देऊन उपयोग नाही. शिफारसपत्रांसाठी सहा ते आठ आठवडे द्या. पत्र देणाऱ्याला तुमचं उद्देशपत्र, त्यांच्यासोबत केलेल्या दोन ठोस कामांची टिपणं आणि अंतिम तारीख एकत्र पाठवा. मोठ्या हुद्द्याच्या अनोळखी माणसापेक्षा तुमचं काम रोज पाहिलेला माणूस चांगलं पत्र लिहितो.

उद्देशपत्राविषयी थोडं सविस्तर. 'मला लहानपणापासून शिक्षणाची आवड आहे' या वाक्याने सुरू होणारी पत्रं निवड समितीने ढिगाने वाचलेली असतात. त्याऐवजी एक प्रश्न मांडा. उदाहरणार्थ: 'मुली सातवीनंतर शाळा सोडतात त्याचं कारण अंतर आहे की सुरक्षितता, हे हजेरीपटावरून कळत नाही, ते वेगळं करून मोजण्याची पद्धत मला शिकायची आहे.' एवढ्या वाक्यात विषय, आजवरच्या कामाची खूण आणि अभ्यासक्रमाची गरज, तिन्ही येतात. त्याच पत्रात त्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या कामाशी किंवा एका पेपरशी त्या प्रश्नाचा धागा जोडा. विद्यापीठाचं नाव बदलून तेच पत्र दुसरीकडे पाठवता येत असेल, तर ते अजून पूर्ण झालेलं नाही.

शिकत असताना हाताशी एक काम हवं

जाहिरातींत 'मूल्यमापनाचा अनुभव' मागतात आणि नवख्याकडे तो नसतो. यावर उपाय आहे. पिसा या देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या चाचणीची आकडेवारी २००० पासूनची, फुकट आणि सर्वांना खुली आहे. तीतून एक लहान प्रश्न घ्या, आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये विश्लेषण करा आणि दोन पानांचं धोरण-टिपण लिहा. पण नीट करा. पिसात विद्यार्थ्याला एकच गुण नसतो. २०१५ पासून प्रत्येक विषयाला दहा संभाव्य मूल्यं (त्याच्या क्षमतेचे दहा अंदाज) दिलेली असतात. त्यांची आधी सरासरी काढून पुढे जाणं चूक आहे, कारण मोजमापातली अनिश्चितता त्यात नाहीशी होते. विश्लेषण दहा वेळा चालवायचं आणि मग निष्कर्ष एकत्र करायचे. नमुन्याचं भारांकन आणि अंदाजातली चूक मोजण्यासाठी दिलेले ८० पुनरावृत्ती-भारही वापरावे लागतात. एवढं अचूक केलेलं टिपण पाहिलं की जाणकार मुलाखतकाराला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही.

सुरुवातीच्या वाचनाची ईजीआरए ही चाचणी समजून घ्या. या क्षेत्रात ती सर्वत्र भेटते. मूल एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचतं, हे तीत मोजतात. दोन भाषांमधल्या आकड्यांची थेट तुलना करणं ही नेहमीची चूक: एका भाषेत शब्द आखूड, दुसरीत प्रत्यय लागून लांबलचक, त्यामुळे तोच आकडा वेगळा अर्थ सांगतो.

दुसरी भाषा म्हणून फ्रेंचचा मोबदला चांगला आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच पदांना ती लागते आणि इंग्रजीच्या तुलनेत उमेदवार कमी असतात. अरबी शिकायला वेळ जास्त लागतो. ती अर्धवट येऊन भागत नाही.

पीएचडीचा विचार असेल तर एवढंच: ब्रिटनमध्ये संशोधन-आराखडा आणि मार्गदर्शक अर्जाआधी ठरवावे लागतात, अमेरिकेत पहिली दोन-एक वर्षं वर्गांची असतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ईडीडी, म्हणजे शिक्षणातली व्यावसायिक डॉक्टरेट, बरी. निधी नसलेली पूर्णवेळ पीएचडी घेऊ नये.

नोकरीचा अर्ज

संयुक्त राष्ट्रांच्या अर्जात अनुभव महिन्यांत मोजला जातो. एकाच काळातली दोन कामं दोनदा धरली जात नाहीत, म्हणून प्रत्येक कामाचा महिना आणि वर्ष लिहा. जाहिरातीतली प्रत्येक अट तुमच्या अर्जात कुठे पूर्ण होते, हे वाचणाऱ्याला शोधावं लागू नये. तरुण व्यावसायिकांच्या वायपीपी परीक्षेसाठी सचिवालयाची वयोमर्यादा ३२ आहे आणि ती दरवर्षी ठरावीक देशांच्या नागरिकांसाठीच खुली होते. जेपीओ, म्हणजे कनिष्ठ व्यावसायिक अधिकारी, या पदांचा खर्च दाते देश उचलतात, बहुधा आपल्याच नागरिकांसाठी. या दोन्हींत बसत नसाल तर संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक म्हणून, म्हणजे यूएनव्हीमार्फत, आत शिरणं हा अधिक खुला रस्ता आहे. अर्ज, मुलाखत किंवा प्रशिक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांची कोणतीही संस्था पैसे घेत नाही. पैसे मागणारं पत्र आलं की ते खोटं समजावं.

पहिलं काम बऱ्याचदा सल्लागार-कराराचं असतं. त्याचा दैनिक दर पगारापेक्षा मोठा दिसतो, पण त्यात निवृत्तिवेतन, आजारपणाची रजा आणि बहुधा आरोग्यविमा नसतो, आणि दोन करारांमध्ये रिकामे महिने जाऊ शकतात. तेव्हा दर ठरवताना वर्षातले प्रत्यक्ष कामाचे दिवस धरा, विमा स्वतःच्या खिशातून वजा करा, आणि उरलेल्या आकड्याची पगाराशी तुलना करा.