शीटवरचं प्रत्येक शून्य तपासा: ऑक्युपन्सीच्या अभ्यासात या चुका टाळा

कुणी ऑक्युपन्सीची, म्हणजे पाहणीच्या किती जागांवर (साइटवर) प्राणी आहे याच्या अंदाजाची, फाइल तपासायला पाठवली की मी निकाल नंतर बघते, आलेख त्याहून नंतर. आधी कच्ची शीट उघडते आणि त्यातली शून्यं वाचत बसते. बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते, आणि तोवर पाठवणाऱ्याने बारा मॉडेलं चालवून त्यांची क्रमवारीही लावलेली असते.

पद्धतीचं मर्म थोडक्यात सांगते, कारण पुढच्या सगळ्या चुका त्याच्याशीच जोडलेल्या आहेत. प्राणी साइटवर असूनही आपल्याला दिसत नाही, हे रानात फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. २००२ साली डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात यावर जी वाट दाखवली, ती अशी: एकाच हंगामात प्रत्येक साइटवर अनेक फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीला १ किंवा ० लिहा. एखाद्या साइटचा इतिहास ०१० असेल, तर प्राणी तिथे होता आणि दोनदा आपल्याला चुकला. इतिहास ००० असेल, तर दोन शक्यता उरतात: प्राणी तिथे नव्हताच, किंवा होता आणि तिन्ही वेळा चुकला. ज्या साइटवर तो एकदा तरी सापडला, तिथल्या चुकण्यावरून मॉडेल डिटेक्शनची, म्हणजे साइटवर असलेला प्राणी एका फेरीत दिसण्याची, शक्यता ‘पी’ काढतं. मग तिच्या आधारे ००० वाल्या साइटपैकी किती साइटवर तो असावा याचा अंदाज बांधून एकूण ऑक्युपन्सी, म्हणजे ‘साय’, सांगतं. सगळा हिशोब शून्यांवर उभा आहे. म्हणून शून्य खरं असावं लागतं.

न झालेल्या फेरीला शून्य लिहिणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती माझ्या हातून घडली आहे.

रानमांजराचं काम होतं. साठ कॅमेरा ट्रॅप, तीस दिवस. निम्मे कॅमेरे ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात, निम्मे उघड्या माळावर. पाच-पाच दिवसांचा एक टप्पा धरून प्रत्येक कॅमेऱ्याचे सहा रकाने केले. निकाल आला की रानमांजर ओढ्याकाठ स्पष्टपणे टाळतं. जो प्राणी दलदल आणि लव्हाळ्यासाठी ओळखला जातो, तो लव्हाळं टाळतो म्हणे! मी तिथेच थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी दोन पानं कारणमीमांसा लिहिली: भटकी कुत्री असतील, गुरांचा वावर असेल, काठ सारखा पाण्याखाली जात असेल. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

आमच्याबरोबर फिरणाऱ्या वाटाड्यांना मी हा निकाल सांगितला. ते म्हणाले, “ताई, ओढ्यात तर दर दोन दिवसांनी ताजे ठसे असायचे. कॅमेरेच बंद पडले होते ना तिथले.”

ओल आत शिरून ओढ्याकाठचे बरेच कॅमेरे दुसऱ्या आठवड्यातच मेले होते. शीटमध्ये त्या टप्प्यांचे रकाने रिकामे होते. डेटा वाचताना प्रोग्रॅम एरर देत होता, म्हणून आमच्यातल्या एकाने सगळ्या रिकाम्या जागी ० भरून दिले. एरर गेली, आणि मी काही न विचारता पुढचं विश्लेषण केलं.

यात नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या. रिकाम्या जागा साइटभर यदृच्छया विखुरलेल्या असतील, तर खोट्या शून्यांमुळे मुख्यतः पी खाली येतो आणि सायला फारसा धक्का लागत नाही. पण खऱ्या कामात त्या कधी अशा विखुरत नाहीत. त्या ठरावीक साइटवर साचतात, आणि त्या साइटमध्ये काहीतरी समान असतं: ओल, चढ, काटेरी झुडूप, दूरचं अंतर. पहिल्याच दिवशी मेलेला कॅमेरा शून्यांची सलग ओळ देतो, आणि मॉडेल ती ओळ ‘सहा वेळा नीट शोधलं, एकदाही सापडला नाही’ अशी वाचतं. कॅमेरा जिथे टिकत नाही, तिथे प्राणी राहत नाही असं उत्तर मग आपोआप तयार होतं.

आम्ही प्रत्येक कॅमेऱ्याच्या शेवटच्या फोटोची तारीख शोधली, त्यापुढचे रकाने पुन्हा रिकामे केले आणि कॅमेरा त्या टप्प्यात किती दिवस चालू होता हा आकडा मॉडेलच्या डिटेक्शनच्या भागात घातला. ओढा टाळण्याचा परिणाम नाहीसा झाला. कल उलट दिशेला गेला, पण अनिश्चितता इतकी मोठी होती की त्यावरही ठाम काही म्हणता येईना. दोन पानं फेकून दिली.

तेव्हापासून माझ्या शीटवर तीन खुणा असतात: १, ० आणि डॅश. डॅश म्हणजे फेरी झालीच नाही. ज्या ओळीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहिलेली नाही, तिथे ० लिहायला मी कुणालाच परवानगी देत नाही. कॅमेरा लावताना आणि काढताना तारखेची पाटी त्याच्यासमोर धरायची, आणि सोय असेल तर रोज दुपारी एक फोटो आपोआप निघेल असं सेटिंग ठेवायचं. मग कॅमेरा कोणत्या दिवशी मेला ते कळतं. चुकलेल्या फेऱ्या मॉडेलला चालतात. आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅममधल्या अनमार्क्ड पॅकेजमध्ये त्या जागी एनए (माहिती नाही) ठेवा, प्रेझेन्स या प्रोग्रॅममध्येही त्याची सोय आहे. एरर घालवायची घाई झालेल्या माणसाच्या हाती शीट देऊ नका.

‘तीन फेऱ्या पुरेत ना?’

मी विचारते, पी किती आहे? उत्तर नसतं. मग तीनच का? कुठल्याशा अभ्यासात तीन होत्या म्हणून.

हिशोब सोपा आहे. एका फेरीत प्राणी न दिसण्याची शक्यता घ्या, तिचा फेऱ्यांच्या संख्येइतका घात करा आणि तो १ मधून वजा करा. पी ०.५ असेल, तर चार फेऱ्यांत प्राणी एकदा तरी सापडण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. पी ०.३ असेल तर तीन फेऱ्यांत ती ६६ टक्के असते, आणि नव्वदी गाठायला सात फेऱ्या लागतात. पी ०.१ असेल तर तीन फेऱ्यांत जेमतेम २७ टक्के, आणि नव्वदीसाठी २२ फेऱ्या. म्हणजे शंभर साइटपैकी चाळीसवर प्राणी असला, तर तीन फेऱ्यांत तो सुमारे अकराच साइटवर सापडेल, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी एकदाच. एवढ्या माहितीवरून ‘प्राणी बऱ्याच ठिकाणी आहे पण क्वचित दिसतो’ आणि ‘प्राणी थोड्या ठिकाणी आहे आणि जरा बरा दिसतो’ यातला फरक मॉडेलला करता येत नाही. मग साय ०.९९ येतो, त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, प्रचंड असते, आणि अहवालात वाक्य पडतं: ‘प्रजाती जवळपास सर्वत्र आढळते.’ तो ०.९९ म्हणजे मॉडेलने हात टेकले आहेत. तो छापू नका.

मॅकेन्झी आणि रॉयल यांनी २००५ मध्ये फेऱ्या आणि साइट यांची वाटणी कशी करावी ते मांडलं. दुर्मीळ प्रजातीसाठी साइट वाढवणं, आणि सर्रास आढळणाऱ्या प्रजातीसाठी कमी साइटवर जास्त फेऱ्या करणं फायद्याचं, असा त्याचा साधारण रोख आहे. पण हाही सल्ला पीचा काहीतरी अंदाज असल्याशिवाय वापरता येत नाही. मी आधी दहा-बारा साइटवर चाचणी करते. मग आरमध्ये माझ्या मनातला साय आणि पी घालून पाचशे वेळा खोटा डेटा तयार करते आणि त्यातून खरा साय परत मिळतो का ते बघते. एक दुपार जाते. नवशिक्यांना ही दुपार जड वाटते, आणि पुढचे सहा महिने चुकीच्या आराखड्यावर रान तुडवायला ते तयार असतात. हे मला आजवर उमगलेलं नाही.

फेऱ्या वाढवणं शक्य नसेल तर पी वाढवा. योग्य वेळी जा, फेरीचा वेळ लांबवा, स्वतंत्रपणे नोंद करणारा दुसरा निरीक्षक घ्या.

एकच फेरी तीनदा मोजणं

दुसऱ्या निरीक्षकाबद्दल लिहिताना एक सकाळ आठवते. पक्ष्यांची मोजणी चालू होती, एका बिंदूवर तीन निरीक्षक दहा-दहा मिनिटांच्या अंतराने जाणार होते. पहिला परत आला आणि दुसऱ्याला म्हणाला, “तो डावीकडचा वाळका फाटा बघ, तिथेच बसलाय.” दुसऱ्याने थेट फाटाच बघितला. तिसऱ्यानेही. शीटवर १११. पी भरपूर वाढला, आणि पी वाढला की मॉडेल ००० वाल्या साइटना ‘खरोखर रिकाम्या’ मानू लागतं, म्हणून साय खाली आला. आता माझ्या गटात फेऱ्या संपेपर्यंत निरीक्षकांनी आपसात बोलायचं नाही असा नियम आहे. लोकांना तो कडक वाटतो, तरी मी तो सोडत नाही.

पायवाटेवरच्या खुणांचंही असंच. पाच किलोमीटर वाट चालायची, एकेक किलोमीटरचा तुकडा म्हणजे एकेक फेरी धरायची आणि ठसे, विष्ठा नोंदवायची. वेळ वाचतो, म्हणून हे फार चालतं. पण वाघ त्याच वाटेने चालत जातो. एका तुकड्यात ठसे मिळाले तर पुढच्या तुकड्यातही मिळण्याची शक्यता वाढते. हाइन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कर्नाटकातल्या व्याघ्र सर्वेक्षणाचा डेटा घेऊन हे सलगपण धरणारं मॉडेल मांडलं. तुकड्यांवर काम करत असाल तर ते वापरा, साधं मॉडेल नको. कॅमेऱ्याचे तीस दिवस म्हणजे तीस फेऱ्या असं कापणाऱ्यांनाही हेच सांगेन: मढ्यावर चार दिवस आलेला प्राणी चार स्वतंत्र नोंदी देत नाही. मी पाच ते सात दिवसांचा टप्पा धरते.

हंगाम ताणणं

पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या दरम्यान साइटची स्थिती बदलत नाही, हे या मॉडेलचं गृहीतक. बेडूक प्रजननासाठी तळ्यावर यायच्या आधी केलेल्या दोन फेऱ्यांची शून्यं खरोखरच्या अनुपस्थितीची असतात; मॉडेल त्यांना ‘होता, चुकला’ म्हणतं. पक्षी स्थलांतर करून टप्प्याटप्प्याने येतात तेव्हाही तेच. फेऱ्या थोड्या दिवसांत बसवा. बसत नसतील तर अनेक हंगामांचं मॉडेल घ्या.

मोठ्या क्षेत्रात फिरणारा प्राणी लहानशा साइटवर येत-जात असेल आणि हे येणं-जाणं यादृच्छिक असेल, तर सायचा अर्थ ‘वास्तव्य’ न राहता ‘वापर’ होतो. हा शब्द अहवालात तसाच लिहा. कॅमेऱ्यापुढच्या काही मीटर जागेवरून ‘जंगलाचा ६० टक्के भाग बिबट्याने व्यापला आहे’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे.

छोट्या, पण रोजच्या

अनमार्क्डच्या ‘ऑक्यू’ फंक्शनमध्ये दोन सूत्रं द्यावी लागतात. पहिलं डिटेक्शनचं, दुसरं ऑक्युपन्सीचं. उलटं दिलं तरी प्रोग्रॅम बरेचदा निमूट चालतो.

निकालातले आकडे लॉजिट या शक्यतेच्या बदललेल्या मापात असतात. −०.८५ हा साय नव्हे. तो उलटवून घेतला की सुमारे ०.३ मिळतो.

उंची मीटरमध्ये आणि उतार अंशांत तसाच घालू नका, आधी प्रमाणित करा, म्हणजे दोन्ही एका मापात आणा.

एआयसी या मॉडेलांची तुलना करणाऱ्या निकषाने निवडलेलं पहिलं मॉडेल फक्त तुमच्या यादीतलं सगळ्यात बरं असतं. ते डेटाला बसतं का, हे वेगळं तपासावं लागतं. मॅकेन्झी आणि बेली यांची २००४ ची चाचणी त्यासाठीच आहे.

जे नव्हतं ते दिसणं

सगळे चुकलेल्या प्राण्याची काळजी करतात, चुकीच्या ओळखीची कुणी करत नाही. मूळ मॉडेल प्रत्येक १ ला पूर्ण सत्य मानतं. रिकाम्या साइटवर एकदा कुणी कुत्र्याचा ठसा कोल्ह्याचा म्हणून लिहिला, की मॉडेलच्या दृष्टीने तिथे कोल्हा आहे आणि बाकीच्या चार फेऱ्यांत तो चुकला. अशा थोड्या ओळी झाल्या की पी पडतो, साय चढतो, आणि ००० वाल्या साइटवरही कोल्हे असावेत असं उत्तर येतं. रॉयल आणि लिंक यांनी २००६ मध्ये चुकीच्या नोंदींना जागा देणारं मॉडेल मांडलं. मिलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये खात्रीच्या आणि संशयित नोंदी एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वागवण्याची सोय दिली.

माझी सवय अशी आहे: प्रत्येक खुणेचा मोजपट्टीसह फोटो, आणि संध्याकाळी ज्याने ती खूण पाहिली नाही अशा माणसाकडून, साइटचं नाव झाकून, ओळख. दोघांचं जुळलं तर ‘खात्रीची’, नाही जुळलं तर ‘बहुधा’. ‘बहुधा’च्या ओळी मी पुसत नाही आणि १ म्हणूनही भरत नाही. त्यांचा रकाना वेगळा ठेवते.